अश्वस्नायूंची ऊतिपरीक्षा व रंजन

घोड्याच्या स्नायूचा लहानसा तुकडा काढून, त्याचे अतिशय पातळ छेद निरनिराळ्या रंजकांनी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे, ही स्नायुविकाराचे कारण शोधण्याची पद्धत आहे. अशा विकाराच्या झटक्यात काम सुरू करताच घोडा घामाघूम होतो, पुठ्ठे दगडासारखे कडक होतात, लघवी गडद तपकिरी येते; फुटलेल्या स्नायूतून रक्तात उतरणारे क्रिएटिन कायनेज हे विकर काही तासांतच वाढते. मात्र या वाढीवरून स्नायू फुटला एवढेच कळते, का फुटला ते कळत नाही. नाशिक जिल्ह्यात येवल्याचा घोडेबाजार प्रसिद्ध आहे आणि वरातीसाठी घोडे पाळणारेही आहेत. चातुर्मासात बसून पूर्ण चंदी खाल्लेला घोडा तुळशीच्या लग्नानंतर एकदम कामाला लागला, तर अशा झटक्याची शंका प्रथम घ्यावी.

वारंवार अंग आखडणाऱ्या घोड्यात नमुना बहुधा मांडीच्या मागच्या बाजूच्या किंवा पुठ्ठ्याच्या स्नायूतून घेतात. चेतापेशींच्या विकाराची शंका असेल, तर शेपटीच्या मुळाजवळच्या स्नायूतून. भूल त्वचेत व त्वचेखालीच देतात, कारण औषध स्नायूत शिरल्यास तंतूंची रचना बिघडते. ताजा तुकडा सलाइनने जेमतेम ओलसर केलेल्या गॉजमध्ये गुंडाळून बर्फावर पाठवतात. तो सलाइनमध्ये बुडवणे किंवा घरगुती फ्रीझरमध्ये ठेवणे म्हणजे नमुना वाया घालवणे होय. कृत्रिम रेतनाच्या केंद्रांत द्रवरूप नायट्रोजन असतो, पण तुकडा थेट त्यात टाकला, तर त्याभोवती वायूचे आवरण तयार होऊन गोठणे मंदावते आणि बर्फाचे स्फटिक तंतूंना भोके पाडतात. म्हणून प्रयोगशाळेत नायट्रोजनने थंड केलेल्या आयसोपेंटेन या द्रवात तो गोठवतात.

हिमॅटॉक्सिलिन-इओसिन रंजनात केंद्रके निळसर व तंतू गुलाबी दिसतात. मृत तंतू, दाहपेशी आणि कडेऐवजी तंतूच्या मध्यभागी आलेली केंद्रके त्यातच ओळखता येतात. सर्वांत बोलका पुरावा मात्र पीएएस (पिरियॉडिक ॲसिड-शिफ) रंजन देते. त्यात ग्लायकोजन, म्हणजे स्नायूत साठवलेली शर्करा, किरमिजी होते, परंतु निरोगी घोड्याच्या स्नायूतही ते भरपूर असल्याने गडद रंग एकट्याने काहीच सिद्ध करत नाही. म्हणून शेजारच्या छेदावर आधी अमायलेज विकराची प्रक्रिया करतात : साधे ग्लायकोजन पचून रंग नाहीसा होतो, तर पॉलिसॅकराइड साठवण विकारात (यात स्नायूत सदोष शर्करासाठा जमतो) न पचलेले किरमिजी पुंजके तसेच राहतात. १९९२ मध्ये वर्णिलेल्या या विकाराच्या पहिल्या प्रकारामागे जीवायएस१ या ग्लायकोजन बनवणाऱ्या विकराच्या जनुकातील उत्परिवर्तन असल्याचे २००८ मध्ये स्पष्ट झाले. त्यामुळे आता केसांच्या मुळांवरूनही त्याची तपासणी होते. तरी हे उत्परिवर्तन न आढळणाऱ्या घोड्यात ऊतिपरीक्षेचे महत्त्व टिकून आहे.

डेस्मिन या प्रथिनाचे रंजन तंतूंमधील गुंते दाखवते, ऑइल रेड ओ मेदाचे थेंब दाखवते, आणि एटीपीएज या विकराचे रंजन तंतूंचे प्रकार वेगळे करते. एटीपीएज व ऑइल रेड ओ यांसाठी गोठवलेला नमुनाच लागतो. नाशिकहून तो वेळेत पोहोचणार नसेल, तर फॉर्मेलिनमधील तुकडा पाठवणे हा व्यवहार्य पर्याय आहे, कारण हिमॅटॉक्सिलिन-इओसिन व पीएएस त्यावरही करता येतात. शिंगराच्या बाबतीत मात्र निष्कर्ष जपून काढावा लागतो. अमायलेजला न जुमानणारे पुंजके सहसा दोन वर्षांच्या वयापर्यंत तयारच झालेले नसतात.