जपून चालवली, तरी पिस्टन का तुटला?

सोलापुरात जर्मन टर्बो पेट्रोल गाडीचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. पहिलं शेजाऱ्यांचं: 'गाडी भारी आहे, पण इंजिन नाजूक.' दुसरं इंजिन उघडायची वेळ आलेल्या मालकाचं: 'कधी ताणली नाही हो, कायम वरच्या गिअरला निवांत चालवली.' पहिल्या वाक्यात थोडं तथ्य आहे. दुसऱ्या वाक्यात मात्र बिघाडाचं एक असं कारण दडलेलं असू शकतं, जे बहुतेकांना माहीतच नसतं. टर्बो पेट्रोल इंजिनाला, म्हणजे बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर जादा हवा दाबून भरणाऱ्या इंजिनाला, सगळ्यात मोठा धोका वेगात नसतो. तो इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर (आरपीएम) जास्त ओझं टाकण्यात असतो, आणि नेमकं त्यालाच आपण 'जपून चालवणं' म्हणतो.

'नाजूक' हा शिक्का कुठून आला ते आधी पाहू. फोक्सवॅगन-ऑडीनं २००४ साली २ लिटरचं असं पेट्रोल इंजिन बाजारात आणलं, ज्यात टर्बोही होता आणि पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जात होतं. पुढच्याच वर्षी गोल्फ गाडीत १.४ लिटरचं इंजिन आलं. त्यात टर्बोच्या जोडीला पट्ट्यावर चालणारा सुपरचार्जरही होता, म्हणजे अगदी कमी फेऱ्यांवरही हवेचा भरपूर दाब. २००९ आणि २०१० अशी सलग दोन वर्षं 'इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर' हा किताब त्याला मिळाला. आणि त्याच इंजिनाच्या काही आवृत्त्यांबद्दल पिस्टनच्या कडा तुटल्याच्या आणि टायमिंग चेन, म्हणजे झडपा वेळेवर उघडणारी साखळी, सैल पडल्याच्या तक्रारी परदेशात मोठ्या प्रमाणावर आल्या. २०१२ नंतरच्या पिढीत सुपरचार्जर गेला आणि चेनच्या जागी दातेरी पट्टा आला. आज आपल्याकडच्या व्हर्टुस, टायगुन, स्लाव्हिया, कुशाक या गाड्यांत याच नव्या घराण्याची १ आणि १.५ लिटरची इंजिनं आहेत. बिघाड जुन्या पिढीचा होता, पण बदनामी सगळ्या घराण्याच्या वाट्याला आली.

मग किताब मिळालेल्या इंजिनाचे पिस्टन का तुटले? यासाठी एक छोटं गणित करावं लागेल. आपलं १ लिटरचं, तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन १७८ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देतं, तोही १,७५० फेऱ्यांपासून. चार स्ट्रोकच्या इंजिनात एक चक्र दोन फेऱ्यांत पूर्ण होतं, म्हणून टॉर्कला ४ पायनं गुणलं की एका चक्रात झालेलं काम मिळतं: सुमारे २,२३७ ज्यूल. त्याला इंजिनाच्या आकारमानानं भागलं की पिस्टनवरचा सरासरी परिणामी दाब निघतो, तो येतो २२ बारच्या थोडा वर (एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतीच्या हवेचा दाब). हेच गणित ११३ न्यूटन मीटर देणाऱ्या १.२ लिटरच्या साध्या, बिनटर्बो इंजिनासाठी केलं तर उत्तर १२ बारच्या आत येतं. म्हणजे लहान टर्बो इंजिनाच्या पिस्टनवर जवळपास दुप्पट सरासरी दाब, आणि तोही कमी फेऱ्यांवर.

पेट्रोल इंजिनात दाब वाढवला की मिश्रण आपोआप पेटण्याची भीती असते. १९७३ च्या बीएमडब्ल्यू २००२ टर्बोमध्ये म्हणूनच कॉम्प्रेशनचं गुणोत्तर, म्हणजे मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा, ६.९ इतकं खाली आणलं होतं. आजच्या टर्बो इंजिनांत ते साडेदहाच्या आसपास असतं, आणि हे शक्य झालं थेट फवारणीमुळे. २०० बार किंवा त्याहून जास्त दाबानं फवारलेलं पेट्रोल सिलिंडरच्या आत बाष्प होतं, बाष्प होताना उष्णता शोषून घेतं आणि आतली हवा थंड करतं. थंड हवा सहजासहजी आपोआप पेटत नाही. मला ही कल्पना फार देखणी वाटते: इंधनच इंजिनाचं रक्षण करतं.

पण त्याच फवाऱ्यातलं थोडं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवर जाऊन आदळतं. भिंतीवर ऑइलचा पातळ थर असतो. पेट्रोल त्यात मिसळतं, थर पातळ होतो, आणि पिस्टनभोवतीच्या वरच्या रिंगच्या (कड्याच्या) डोक्यावर, पिस्टन आणि भिंतीमधल्या बारीक फटीत हे मिश्रण साचत राहतं. पिस्टन वर जाताना टोकाशी थांबतो आणि दिशा बदलतो, तेव्हा त्या फटीतला एखादा थेंब जडत्वानं सुटून थेट ज्वलनकक्षात उडतो. सारा घोळ या थेंबाचा.

ऑइलचे रेणू म्हणजे हायड्रोकार्बनच्या लांब साखळ्या. लांब साखळ्या पेट्रोलच्या आखूड, फांद्या असलेल्या रेणूंपेक्षा लवकर पेट घेतात. डिझेल ठिणगीशिवाय पेटतं ते याच गुणामुळे. त्यामुळे दाबानं तापलेल्या मिश्रणात हा थेंब स्पार्क प्लगची वाट पाहत नाही, ठिणगीच्या आधीच पेटतो. पिस्टन अजून वर येतोय आणि वरून ज्वाला पसरतेय. दोन्हीकडून दाबलं गेलेलं उरलेलं मिश्रण एका क्षणी सगळंच्या सगळं एकदम पेटतं. नेहमीच्या ज्वलनात ज्योत क्रमाक्रमानं पुढे सरकते, इथे मात्र धक्कालहरी तयार होतात. एरवी शंभराच्या आसपास राहणारा कमाल दाब अशा एका चक्रात २०० बारच्याही पुढे जाऊ शकतो. इंजिनतज्ज्ञ या प्रकाराला लो स्पीड प्री-इग्निशन म्हणतात आणि त्यातून होणाऱ्या स्फोटाला सुपरनॉक. पिस्टनच्या दोन रिंगांच्या खाचांमधली ॲल्युमिनियमची कड तुटायला अशी मोजकीच चक्रं पुरतात. त्यासाठी लाख किलोमीटर धावावं लागत नाही.

आता कमी फेऱ्यांचाच संबंध का? कारण पेट घेणं ही रासायनिक क्रिया आहे आणि तिला वेळ लागतो. इंजिन मिनिटाला १,५०० फेऱ्या घेत असेल तर कॉम्प्रेशनचा एक स्ट्रोक २० मिलिसेकंद चालतो. ४,५०० फेऱ्यांवर तोच स्ट्रोक ६.७ मिलिसेकंदांत संपतो. वेगात फिरणाऱ्या इंजिनात थेंबाला पेटायला सवडच मिळत नाही. शिवाय फेऱ्या वाढल्या की आतली हवा जास्त घुसळली जाते आणि मिश्रण लवकर जळून संपतं.

तुम्ही म्हणाल, नॉक सेन्सर असतो ना? असतो. ब्लॉकवर बोल्टनं बसवलेला तो एक प्रकारचा कानच असतो. साधं नॉकिंग, म्हणजे ठिणगीनंतर उरलेलं मिश्रण आपोआप पेटून होणारी ठकठक, ऐकू आलं की संगणक ठिणगी थोडी उशिरा टाकतो आणि इंजिन सावरतं. पण इथे आग ठिणगीनं लागलेलीच नसते, मग ठिणगी उशिरा टाकून काय होणार? संगणक टर्बोचा दाब कमी करू शकतो, पण तोवर पहिला घाव बसलेला असतो.

रसायनशास्त्राचा भाग तर याहून रंजक आहे. ऑइलमध्ये काजळी आणि आम्ल आवरण्यासाठी डिटर्जंट घालतात, आणि परंपरेनं ते कॅल्शियमचे असतात. ऑइलमध्ये कॅल्शियम जास्त असेल तर हे अवेळी पेटणं वाढतं, कॅल्शियमऐवजी मॅग्नेशियम वापरलं तर ते खूप कमी होतं, असं प्रयोगांत आढळलं. मॉलिब्डेनमच्या संयुगांनी आणखी फरक पडतो. कॅल्शियमच का, याचं संशोधकांनी मांडलेलं एक स्पष्टीकरण शाळेतल्या धड्यातलं आहे. जळलेल्या ऑइलमधून कॅल्शियम ऑक्साइडचे, म्हणजे कळीच्या चुन्याचे कण उरतात. पुढच्या चक्रात दाब वाढला की ते कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून कॅल्शियम कार्बोनेट बनतात, आणि या क्रियेत मोलमागे १७८ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. कण लाल होतो आणि आजूबाजूचं मिश्रण पेटवतो.

हे समजल्यावर ऑइलची प्रमाणकंच बदलली. २०१८ साली अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटनं 'एसएन प्लस' ही श्रेणी आणली, २०२० साली 'एसपी'. दोन्हींसाठी अवेळी पेटण्याची वेगळी चाचणी उत्तीर्ण व्हावी लागते. जर्मन कंपन्यांचे स्वतःचे मान्यता क्रमांक असतात, ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये आणि ऑइलच्या डब्याच्या मागे छापलेले असतात. दोन्ही क्रमांक जुळलेच पाहिजेत. आपल्याकडे धोका वेगळ्याच जागी आहे. ट्रॅक्टर आणि ट्रक धुणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या गॅरेजात डिझेल इंजिनाच्या ऑइलचे मोठे कॅन कायम उघडे असतात. डिझेलची काजळी आवरायला त्या ऑइलमध्ये डिटर्जंट जास्त असतो, आणि तो बहुधा कॅल्शियमचाच. 'ऑइल ते ऑइल' म्हणून लेव्हल कमी पडल्यावर अर्धा लिटर त्यातलं ओतलं जातं. बिनटर्बो जुन्या गाडीला त्यानं फारसं काही होत नव्हतं. या इंजिनांबाबत तसं करू नका, ही कळकळीची विनंती.

आता सोलापूरचा उन्हाळा घ्या. मे महिन्यात पारा ४४ अंशांवर गेलेला असतो. टर्बोनं ती हवा दुप्पट दाबावर नेली तर आदर्श गणितानंही तिचं तापमान ११० अंशांच्या पुढे जातं, प्रत्यक्षात त्याहूनही वर. इंटरकूलर, म्हणजे दाबलेली हवा थंड करणारी जाळी, ते उतरवतो, पण बाहेरच्या हवेपेक्षा थंड तो करू शकत नाही. अशा दुपारी पाच माणसं, सामान आणि एसी घेऊन गाडी तुळजापूरच्या घाटाला लागते. चालकाला ॲव्हरेज हवं असतं, म्हणून पाचवा गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटर तळाशी दाबलेला. फेऱ्या दीड हजाराच्या आसपास, दाब कमाल, हवा तापलेली. अवेळी पेटायला लागणाऱ्या सगळ्या अटी इथे एकत्र येतात. अशा वेळी खालचा गिअर टाका, फेऱ्या अडीच हजारांवर जाऊ द्या. आवाज वाढेल, पण पिस्टनवरचं ओझं उतरेल. सपाट रस्त्यावर, हलक्या पायानं, कमी फेऱ्यांवर चालवायला हरकत नाही, कारण तिथे सिलिंडरमधला दाबच कमी असतो. ऑटोमॅटिक गाडी जोर लावल्यावर स्वतःच गिअर खाली आणते, त्यामुळे ही चूक मुख्यतः मॅन्युअलवाल्यांची.

पिस्टन तुटलेल्या गाडीबद्दल घरात एक वाक्य ठरलेलं असतं: 'ही गाडी आपल्याला लाभली नाही.' मग नंबरची बेरीज काढली जाते, रंग अशुभ ठरतो, गाडी तोट्यात विकली जाते. देवदर्शनाला कुणाचीच ना नाही. पण लाभणं-न लाभणं यावर बोट ठेवलं की ऑइल कोणतं होतं आणि गाडी कशी चालवली जात होती, हे दोन प्रश्न विचारायचेच राहून जातात, आणि पुढच्या गाडीचंही तेच होतं. तेवढंच नुकसान विकतच्या चमत्कारांनी होतं. पेट्रोलच्या नळीला बांधायचे लोहचुंबक ॲव्हरेज वाढवत नाहीत, पेट्रोलच्या रेणूंवर त्यांचा असा कुठलाही परिणाम होत नाही. ऑइलमध्ये घालायच्या बाटल्यांबाबत तर मी जास्तच सावध राहायला सांगेन: आत कोणता डिटर्जंट आहे हे बहुधा लिहिलेलं नसतं, आणि प्रयोगशाळेत साधलेला तोल त्या बाटलीनं बिघडू शकतो.

ऊसपट्ट्यातले लोक इथेनॉलबद्दल विचारतात. इथेनॉलचा ऑक्टेन, म्हणजे आपोआप पेटण्याला विरोध करायची क्षमता, जास्त आणि बाष्प होताना ते पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त उष्णता शोषतं, त्यामुळे साध्या नॉकिंगला वीस टक्के मिश्रणाचा फायदाच होतो. मात्र लिटरमागे ऊर्जा साधारण सात टक्क्यांनी घटते, आणि जुन्या गाडीचे रबरी भाग त्या मिश्रणासाठी बनवलेले आहेत का ते पाहावं लागतं. टर्बोबद्दलही विचारतात. मिनिटाला दोन लाखांच्या घरात फिरणारा त्याचा दांडा ऑइलच्या थरावर तरंगतो. ऑइल वेळेवर बदललं तर टर्बो सहसा आपणहून जात नाही.

आणि हे फक्त जर्मन गाड्यांपुरतं नाही. थेट फवारणी आणि टर्बो असलेली कोरियन, जपानी, भारतीय इंजिनं आज तितकीच रस्त्यावर आहेत आणि त्यांच्या सिलिंडरमध्ये हेच विज्ञान चालतं. जर्मन कंपन्या या वाटेवर लवकर आणि मोठ्या संख्येनं उतरल्या, म्हणून पहिल्या ठेचा त्यांना लागल्या.

वापरलेली टर्बो पेट्रोल गाडी घेत असाल तर पॉलिश आणि सीट कव्हर नंतर पाहा. आधी गरम इंजिनावर प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. आकडे एकमेकांच्या जवळ असावेत. एकाच सिलिंडरचा आकडा बाकीच्यांपेक्षा तीन बारहून जास्त कमी असेल, सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल आणि ऑइल वारंवार टाकावं लागत असेल, तर स्पार्क प्लगच्या भोकातून कॅमेरा घालून पिस्टनचं डोकं आणि सिलिंडरची भिंत पाहायला लावा. कड आत दडलेली असते, ती कॅमेऱ्यात दिसत नाही, पण तुटलेल्या तुकड्यानं भिंतीवर ओढलेले उभे ओरखडे दिसतात. मालक यासाठी तयार नसेल तर ती गाडी घेऊ नका.