कार्लसन विरुद्ध जग बरोबरीत सुटलं, पण त्याला ओपनिंग कुठली म्हणायची?
एप्रिल-मे २०२५ मधे बुद्धिबळातला माजी जगज्जेता मॅग्नस कार्लसन एकीकडे आणि १ लाख ४३ हजारांच्या वर पब्लिक दुसरीकडे असा ऑनलाइन डाव झाला, तो ३२ चालींत बरोबरीत सुटला. जगाने कार्लसनच्या राजाला शह देत देत तीच पोझिशन तीनदा आणली, म्हणजे नियमाने बरोबरी, विषय संपला. एका चालीला २४ तास, म्हणजे हे जुनं टपालाचं बुद्धिबळच झालं, फक्त पोस्टमन नाही.

या प्रकारात ओपनिंगला, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चालींना, आधीपासून जाम भाव. १८२४ ला लंडन आणि एडिंबरा क्लबांनी पत्राने मॅच सुरू केली ती १८२८ पर्यंत चालली, आणि पाच डावांना चार वर्षं म्हटल्यावर एकेका चालीवर अख्खी कमिटी काथ्याकूट करणार हे आलंच. तिसऱ्याच चालीला वजिरापुढचं प्यादं दोन घरं ढकलायची जी पद्धत त्यात गाजली तिला स्कॉटलंडच्या एडिंबरावरून नावच स्कॉच पडलं, मॅचही एडिंबरानेच मारली. (लंडनच्या टीममधला जॉन कोक्रेन पुढे कलकत्त्याला आला आणि महेशचंद्र बॅनर्जींबरोबर भरपूर खेळला, इंडियन डिफेन्स हे नाव त्या डावांवरूनच आलं, पण तो वेगळा लेख होईल.)

१९९९ ला तेव्हाचा अव्वल खेळाडू कास्पारॉव्ह विरुद्ध जग झालं तेव्हाही ओपनिंगमधेच धमाल. सिसिलियन नावाच्या ओपनिंगमधे जगाने दहाव्या चालीला वजीर ई६ या घरात नेला, आयडिया पंधरा वर्षांच्या अमेरिकन खेळाडू इरिना क्रशची, आणि कास्पारॉव्हला ६२ चाली घाम गाळावा लागला. जिंकला तोच म्हणा.

मग इंजिनं, म्हणजे बुद्धिबळ खेळणारे कॉम्प्युटर प्रोग्रॅम, आली. आयसीसीएफ या टपाली बुद्धिबळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धांत इंजिन वापरायला चक्क परवानगी आहे, त्यामुळे वरच्या लेव्हलला बहुतेक डाव बरोबरीतच, कारण ओपनिंग पार खोलवर तपासून झालेली असते आणि चुकायला कोणी तयारच नसतं.

कार्लसनचा डाव मात्र फ्रीस्टाइल होता. म्हणजे बॉबी फिशरने १९९६ ला ब्युनोस आयर्सला जाहीर केलेला प्रकार, मागच्या रांगेतली मोहरी ९६० पैकी कुठल्याही मांडणीत येणार, त्यामुळे स्कॉच नाही, सिसिलियन नाही, पाठांतर सगळं बाद. पहिल्या चालीपासून स्वतःच डोकं चालवायचं, तेही मतदान घेऊन, आणि समोर पांढरी मोहरी घेऊन कार्लसन. म्हणून मला ही बरोबरी आयसीसीएफवाल्या बरोबऱ्यांपेक्षा कितीतरी भारी वाटते.