फुलोरा दाट, म्हणून प्लम भरपूर?
क्रॉफर्ड मार्केटात हिमाचलचे प्लम आले की हा समज हमखास ऐकू येतो: ज्या जातीला फुलं जास्त, तिला फळंही जास्त. हे खरं नाही. प्लमच्या बहुतेक जपानी जातींना फळ धरायला स्वतःचा पराग चालत नाही. त्याच सुमारास फुलणारी, जुळणारी दुसरी जात जवळ हवी, मधमाश्या हव्यात; नाहीतर पांढऱ्याशुभ्र बहराचं झाडही जवळपास रिकामं राहतं. हिमाचलात रुळलेली ‘सांता रोझा’ ही जपानी जात मात्र बऱ्याच अंशी स्वतःच्याच परागावर फळ धरते. जपानी जातींना पराग पुरवायला युरोपीय जातींचा उपयोग नाही: त्या उशिरा फुलतात, शिवाय त्यांची गुणसूत्रं ४८, जपानी प्लमची १६, म्हणून पराग जुळत नाही. मुंबईत गच्चीवर कलम लावू पाहणाऱ्यांना तर कळकळीने सांगते, पैसे घालवू नका. कळ्या उमलायला लागणारी हिवाळी थंडी इथे पडतच नाही.