सेमिनरी हिल्सचा चढ आणि कोलेस्टेरॉलची गोळी

नागपूरच्या सेमिनरी हिल्सचा चढ चढताना आमच्या शेजारचे काका मध्येच थांबतात. छाती आवळल्यासारखी होते, दोन मिनिटं उभं राहिलं की मोकळं वाटतं. घरी बसल्या जागी काहीच त्रास नाही. अँजिओग्राफीत हृदयाच्या एका रोहिणीत (धमनीत) ६० टक्के ब्लॉकेज निघालं, स्टॅटिन ही कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी सुरू झाली. तीन महिन्यांनी रिपोर्ट नॉर्मल आला आणि काकांनी गोळी सोडून दिली. "कोलेस्टेरॉल उतरलं ना, मग आता कशाला?" हा प्रश्न मी इतक्या घरांत ऐकलाय की त्याची काळजी वाटते.

या गोळीला आपल्याकडे सर्रास ‘रक्त पातळ करायची गोळी’ म्हणतात. ती ॲस्पिरिन, ही वेगळी. स्टॅटिनचं मुख्य काम यकृतात चालतं. कोलेस्टेरॉल बनवणारं एक विकर (एन्झाइम) ती अडवते. यकृताला चणचण भासली की ते रक्तातलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, जास्त ओढून घेऊ लागतं. गोळी थांबली की विकर मोकळं होतं आणि काही आठवड्यांत आकडा पुन्हा चढतो. म्हणजे तो नॉर्मल रिपोर्ट गोळीचाच होता. जपानच्या अकिरा एंडो यांनी हजारो बुरशा तपासून १९७३ मध्ये असं पहिलं द्रव्य शोधलं, तेही पेनिसिलियम जातीच्या बुरशीत.

आता काकांचा चढ. हृदयाचा स्नायू आपण स्वस्थ बसलेलो असतानाही रक्तातला सुमारे ७० टक्के प्राणवायू काढून घेतो. त्यामुळे काम वाढलं की आहे त्याच रक्तातून जास्त काढायला फारसं उरत नाही. रक्तच जास्त यावं लागतं. निरोगी माणसात हा प्रवाह तीन-चार पट वाढू शकतो. रोहिणी निम्मी अरुंद झाली की ही वाढायची ताकद घटू लागते, पण बसल्या जागचा प्रवाह ८५ टक्के अडथळ्यापर्यंत जवळपास टिकून राहतो. म्हणून काकांना सोफ्यावर बरं वाटतं आणि चढावर नाही.

गोळी हे ब्लॉकेज घासून काढत नाही. सुरुवातीच्या अभ्यासांत अँजिओग्राफीतला अरुंदपणा फार तर एक-दोन टक्क्यांनी बदलला, झटके मात्र त्याहून कितीतरी जास्त कमी झाले. मला हे कोडं फार मोलाचं वाटतं. उत्तराचा एक भाग रोहिणीच्या आतल्या अस्तरात आहे. हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं आणि रोहिणी सैल होते. एलडीएल वाढलं की ही क्षमता मंदावते, उतरलं की सुधारते. १९९४ मध्ये अमेरिकेत पेट (PET) स्कॅनने, म्हणजे हृदयाचा रक्तपुरवठा दाखवणाऱ्या तपासणीने, पाहिलेल्या एका छोट्या गटात कोलेस्टेरॉल उतरवल्यावर ९० दिवसांतच हृदयस्नायूचा रक्तपुरवठा सुधारलेला दिसला. रोहिणीच्या भिंतीतल्या चरबीच्या गाठीसुद्धा (हेच ते ब्लॉकेज) गोळीने घट्ट होतात, फुटायचा धोका कमी होतो.

पाय दुखतात म्हणूनही काही जण गोळी सोडतात. ते डॉक्टरांना सांगा. मात्रा किंवा औषध बदलता येतं. आणि छातीतलं आवळणं विश्रांतीतही होऊ लागलं, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.

काकांनी डॉक्टरांना विचारून गोळी पुन्हा सुरू केली आहे. सहा आठवड्यांनी रक्त तपासायचं आहे. तोवर डॉक्टरांनी सांगितलेल्या बेताने आम्ही सोबत चालतो, आणि ते कुठे थांबतात ते मी रोज लिहून ठेवतो.