सायबर सिक्युरिटीत एमटेक पुण्यात करायचंय? आधी गेट आणि दाखले

अंतिम वर्षाचा निकाल लागल्यावर जूनमध्ये एमटेकचा विचार सुरू केला, तर उशीर झालेला असतो. एमटेक प्रवेशाच्या राष्ट्रीय परीक्षेचा, म्हणजे गेटचा, फॉर्म आदल्या ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास निघतो आणि परीक्षा फेब्रुवारीत होते. तिसऱ्या वर्षापासून बसता येतं, स्कोअर तीन वर्षं चालतो. म्हणून थर्ड इयरलाच एकदा द्या, हा माझा आग्रह. कम्प्युटर सायन्सचा (सीएस) पेपर ६५ प्रश्नांचा, १०० गुणांचा, तीन तासांचा.

खडकवासल्याजवळ गिरिनगरला संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतली डीआयएटी (डिफेन्स इन्स्टिट्यूट ऑफ अॅडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी) ही संस्था आहे. तिथे थेट सायबर सिक्युरिटीचं एमटेक आहे आणि अर्ज संस्थेकडेच स्वतंत्र भरावा लागतो. इतर कॉलेजांच्या कॅपच्या, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, जागांसाठी राज्याच्या सीईटी सेलकडे वेगळी नोंदणी. सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेचा सायबर सुरक्षेचा पीजी डिप्लोमा चांगला आहे, पण ती मास्टर्स नव्हे. पुढे पीएचडी डोक्यात असेल तर हा फरक आत्ताच लक्षात घ्या.

कॅपसाठी बीई किंवा बीटेकला ५० टक्के हवेत. महाराष्ट्रातल्या मागासवर्गीय, ईडब्ल्यूएस आणि दिव्यांग उमेदवारांना ४५. गुणवत्ता यादीत गेटवाले आधी, मग पदवीच्या गुणांवर बाकीचे. गेट नसलं तरी प्रवेश मिळू शकतो, पण एआयसीटीईचं (तंत्रशिक्षणाची केंद्रीय नियामक संस्था) महिना १२,४०० रुपयांचं विद्यावेतन हुकतं. ते प्रवेशाच्या वेळी वैध स्कोअर असणाऱ्यांनाच मिळतं, नंतर गेट काढून नाही. पुण्यातली खोली आणि मेस धरली तर ही रक्कम सोडण्यासारखी नाही.

खरी दमछाक कागदपत्रांत होते. दहावी-बारावी आणि सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका, एलसी, डोमिसाइल हे बहुतेकांकडे असतं. अडतं ते नॉन-क्रीमी लेयरवर. बीईच्या वेळचा दाखला बहुधा संपलेला असतो. प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षातल्या ३१ मार्चपर्यंत वैध असलेला नवा लागतो. त्यासाठी घरच्यांच्या तीन वर्षांच्या उत्पन्नाचे पुरावे घेऊन वेळेत सेतू केंद्र गाठा. बीईला खुल्या जागेवर प्रवेश घेतलेल्यांची जातवैधता अनेकदा राहूनच गेलेली असते. पडताळणी समितीला वडील-आजोबांचे शाळेचे जुने दाखले दाखवावे लागतात, त्यासाठी गावाकडे खेपा होतात. हे काम गेटचा फॉर्म भरतानाच हाती घ्या. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्रही करून ठेवा.

तात्पुरती गुणवत्ता यादी लागली की नाव, प्रवर्ग आणि गेट स्कोअर त्याच दिवशी तपासा. हरकत नोंदवायला दिवस थोडेच मिळतात.