घुंगरू, घड्याळ आणि पार्श्वसंगीताचा घोळ

व्ही. शांतारामांच्या गाण्याबजावण्याच्या वेडाचा विषय निघाला की कोल्हापुरात गाडी थेट ‘पिंजरा’ या तमाशावरच्या चित्रपटावर येऊन थांबते. साहजिक आहे. ढोलकी आपली, भाषा आपली, गाणी लिहिणारा आपल्याच जिल्ह्यातला. पण १९७२ च्या त्या ढोलकीखाली आधीची चाळीस वर्षं दबून जातात. या माणसाचा कान किती तिखट होता हे कळायला १९३७ चा ‘कुंकू’ बघावा लागतो, आणि तिथे तर त्याने वाद्यवृंदाला दाराबाहेरच ठेवलं होतं.

जन्म १९०१ चा, कोल्हापूरचाच. पोरवयात गंधर्व नाटक मंडळीत काही दिवस, मग हुबळीला रेल्वेच्या वर्कशॉपात, तिथल्याच थेटरात पडेल ते काम, आणि पुन्हा कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी. मूकपटांचा हा काळ इथे सगळ्यांना पाठ आहे, खरी कॉर्नरच्या चौकातलं कॅमेऱ्याचं स्मारकही रोज येता-जाता दिसतं, म्हणून तो सोडतो. १ जून १९२९ ला ‘प्रभात’ फिल्म कंपनी सुरू झाली आणि १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ बोलू लागला. संगीत गोविंदराव टेंब्यांचं, तेच पडद्यावर हरिश्चंद्र, आणि मूळचे नाणावलेले पेटीवादक. त्या काळी गाणं आणि चित्र एका दमात घ्यायचे. नट गातोय, आणि पेटी-तबलावाले चौकटीच्या बाहेर, माइकला आवाज पोचेल पण कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा बेताने बसलेत. आवाज येतोय कुठून, हा प्रश्न सेटवर रोज उभा राहायचा. शांतारामांच्या डोक्यातून तो पुढे कधी गेला नाही, असं माझं मत.

१९३३ मध्ये कंपनी पुण्याला गेली. ती न्यायला नको होती, हे वाक्य कोल्हापुरात अजून चहाबरोबर मिळतं. मीही त्याच मताचा, पण ते असो.

आता ‘कुंकू’. या चित्रपटाबद्दल ‘यात संगीतच नाही’ असं बिनदिक्कत लिहिलं जातं, आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. गाणी, पार्श्वगायन आणि पार्श्वसंगीत या तिन्ही गोष्टी एकाच पोत्यात भरल्या जातात. ‘कुंकू’त गाणी आहेत, नायिका ती स्वतःच्या गळ्याने गाते, एक तर चक्क लाँगफेलो या अमेरिकन कवीची इंग्रजी कविता आहे. नाही ते फक्त पार्श्वसंगीत. म्हणजे नवरा रागावला की व्हायोलिनं कण्हत नाहीत आणि दार आपटलं की झांजा वाजत नाहीत. दाराचा आवाज दाराचाच. गाण्याला साथ हवी तर ग्रामोफोन खोलीत ठेवलेला, आपल्याला दिसणारा. आणि भिंतीवरचं घड्याळ. म्हातारा वकील तरुण मुलीशी लग्न करून बसलाय, मुलगी त्याला नवरा मानायला तयार नाही, आणि तोंडाने कुणी काढत नाही तो वयाचा विषय घड्याळ टिकटिक करत काढत राहतं. वाद्यमेळ असता तर ही टिकटिक ऐकूच आली नसती.

हा निर्णय तेव्हा पचायला जड होता आणि आजही त्यावर दोन तट आहेत. एक गट म्हणतो, हा नुसता प्रयोगाचा हट्ट. पुढे स्वतः दिग्दर्शकाने तरी तो कुठे पाळला? दुसरा गट याला भारतीय वास्तववादाची सुरुवात म्हणून डोक्यावर घेतो. मला दोन्हीकडे एक तारीख निसटलेली दिसते. आपल्याकडे पार्श्वगायन १९३५ मध्ये आलं. म्हणजे ‘कुंकू’च्या वेळी आवाज आणि चित्र वेगळं करायची सोय हाताशी होती. सोय नव्हती तेव्हा आवाजाचा उगम झाकत बसावं लागलं. सोय झाल्यावर या माणसाने तो उगम उघडा करून दाखवला. दोन वर्षांनी ‘माणूस’मध्ये एकच गाणं अनेक भाषांतून फिरतं, कारण गाणाऱ्या बाईसमोरचं गिऱ्हाईक अनेक भाषांचं आहे. गाण्याला तिथे कामधंदा आहे.

पुढे राजकमल हा स्वतःचा स्टुडिओ, रंग आणि भपका. ‘अमर भूपाळी’त (१९५१) नायकच शाहीर, ‘झनक झनक पायल बाजे’त (१९५५) नर्तक, ‘नवरंग’मध्ये (१९५९) कवी. नायकाचा पेशाच गाण्या-नाचण्याचा ठेवला की गाणं घुसडावं लागत नाही, ही युक्ती इतक्यांदा वापरली की तिचीच शैली झाली. ‘दो आँखें बारह हाथ’मध्ये नायक तुरुंगाधिकारी निघाला, तर गाण्यासाठी खेळणी विकणारी बाई वाटेवर आणली. पार्श्वसंगीत अर्थातच परतलं, आणि भरभरून परतलं. ‘कुंकू’चं सोवळं इथे सुटलं हे कबूल करायला हवं. ‘नवरंग’च्या होळीत एकच नटी पाठीमागे पुरुषाचा मुखवटा लावून दोन्ही भूमिका नाचते आणि सोबतीला हत्तीही डुलतो. याला अतिरेक म्हणणारे चूक नाहीत. पण नाद कशातून निघतोय ते डोळ्यांना दिसलं पाहिजे, ही खोड तिथेही तशीच आहे.

‘पिंजरा’ला ‘तमाशापट’ म्हणून वेगळ्या कप्प्यात टाकतात ते म्हणूनच खटकतं. त्यातली लावणी फडावर, लोकांसमोर होते. ढोलकीवाला दिसतो, समोरचा पटक्या-फेट्यांचा जमाव दिसतो. गावाला शिस्त लावायला निघालेला मास्तर त्याच फडात मागे उभा राहतो, आणि त्याच्या हातात तुणतुणं असतं.