जुन्या रेड वाइनला तासन्‌तास ‘श्वास’ लागत नाही

मित्रमंडळी जेवायला येणार म्हटलं की सोलापुरातही हा सल्ला हमखास मिळतो: रेड वाइन जितकी जुनी, तितकं बूच आधी काढा, तिला श्वास घेऊ द्या. हे चुकीचं आहे आणि त्यापायी २० वर्षं जपलेली बाटली वाया जाऊ शकते.

मुळात नुसतं बूच काढून फारसं काही होत नाही; बाटलीच्या मानेत हवा लागते ती जेमतेम नाण्याएवढ्या पृष्ठभागाला. जुनी वाइन डिकँटरमध्ये, म्हणजे काचेच्या सुरईत, ओततात ती गाळ वेगळा करायला. वर्षानुवर्षं टॅनिन, म्हणजे वाइनमधले तुरट घटक, आणि रंगद्रव्यं एकमेकांना चिकटून जड होतात, तळाशी बसतात. हा गाळ अपायकारक नाही, पण तोंडात कडवट, रवाळ लागतो. म्हणून बाटली आदल्या दिवशी उभी ठेवावी, मानेखाली मोबाइलचा उजेड धरून एका दमात, सावकाश ओतावी. गाळाची रेघ मानेपाशी आली की थांबावं. हे ओतणं पाहुणे पानावर बसताना करायचं. फ्रान्समधल्या बोर्दोचे वाइनतज्ज्ञ एमिल पेनो यांचंही हेच सांगणं होतं: गाळ असेल तरच ओता, तेही ऐन वेळी. जुन्या वाइनचे नाजूक गंध हवेत झपाट्याने विरतात. हवा मानवते ती तरुण, तुरट वाइनला.

‘खोलीच्या तापमानाला द्या’ हेही इथे सोडा. ती खोली युरोपातली, थंड. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. बाटली थोडा वेळ फ्रिजमध्ये उभी ठेवून १६ ते १८ अंशांवर आणा. आणि शेंगाचटणी मागाहून वाढा. तिखटापुढे जुनी वाइन कळतच नाही.